सल्ला फुकट, औषध विकत

कार्तिकात काशीच्या घाटांवर दिवे लागले की त्यांच्याभोवती चिमुकल्या हिरव्या किड्यांचे थवे जमतात. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला भोसले घाटही त्यास अपवाद नाही. लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला आलेला मराठी यात्रेकरू ते अंगावरून झटकतो आणि पुढे जातो. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ते ओळखीचे असतात. हे भातावरील हिरवे तुडतुडे. चंदौली हा गंगेपलीकडचा जिल्हा भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. तिकडचे पीक पक्व होऊ लागले की प्रौढ तुडतुडे शेत सोडून प्रकाशाकडे ओढले जातात. काढणी तोंडावर आलेली असताना फवारणी करण्यात अर्थ नसतो.

‘फवारणी नको’ हे दोन शब्द अधिकाराने उच्चारण्यासाठी काही वर्षांचे शिक्षण लागते. बाजारात मात्र त्यांना भाव नाही. पदवीधर काशी हिंदू विद्यापीठाचा असो की अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा, जीवशास्त्राच्या शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याचे त्याने ठरवले की कृषी सेवा केंद्राचा मार्ग सर्वांत जवळचा दिसतो. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी किंवा संबंधित विज्ञानशाखेच्या शिक्षणाची अट २०१५ च्या नियमदुरुस्तीने घातली. अट योग्यच आहे. पण दुकानाचे उत्पन्न बाटली खपण्यावर अवलंबून राहिले. शिकलेल्या माणसाला गल्ल्यावर बसवले आणि त्याने न विकण्याचा सल्ला दिला तर नुकसान त्याचेच, अशी ही रचना आहे.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे त्याच भोसल्यांच्या मुलखाने २०१७ साली पाहिले. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. गुलाबी बोंडअळीनेही तेव्हाच विदर्भात थैमान घातले. या अळीविषयीचे ज्ञान उपलब्ध नव्हते असे नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुले वा हिरवी बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली, तरच उपाय योजावा, ही नुकसानीची पातळी शिफारशींत होती. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हेही माहीत होते. उणीव होती ती रोज सापळा मोजणाऱ्या आणि त्या मोजणीचे पैसे मिळणाऱ्या माणसाची.

शेतकरी सल्ल्याचे पैसे देत नाही, हा आक्षेप नेहमीचा आहे. वस्तुतः तो ते देतोच, फक्त ते बाटलीच्या किमतीत दडलेले असतात. तरीही नुसत्या शुल्कावर संसार चालेल, असे तरुणांना सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. समजा, एका पदवीधराने दोनशे एकर कपाशीचे साप्ताहिक निरीक्षण हंगामाला एकरी तीनशे रुपयांप्रमाणे स्वीकारले, तर हाती साठ हजार येतात. त्यातून पेट्रोल वजा जाता काय उरते, हे सांगायला नको. म्हणून निरीक्षणाला अशा मालाची जोड हवी, ज्याची विक्री त्या सल्ल्याच्या विरोधात जात नाही.

ट्रायकोकार्ड हे त्याचे चांगले उदाहरण. एका कार्डावर ट्रायकोग्रामाने परोपजीवित केलेली सुमारे वीस हजार अंडी असतात. ती काही दिवसच शीतपेटीत टिकतात आणि एकदा मित्रकीटक बाहेर पडले की कार्ड कोरा कागद होते. शिवाय ज्या कोर्सेरा पतंगाच्या अंड्यांवर ते वाढवायचे, त्याची एक पिढी तयार व्हायलाच महिना-दीड महिना लागतो. म्हणजे शेतकऱ्याची मागणी येण्याच्या कितीतरी आधी उत्पादन सुरू करावे लागते. किडीचा अंदाज चुकला की धंदाही बसला. येथे कीटकशास्त्र आणि व्यापार ही दोन वेगळी कौशल्ये राहतच नाहीत. ज्याच्या वहीत गेल्या तीन हंगामांच्या सापळ्यांच्या नोंदी आहेत, त्यालाच किती कार्डे लागतील हे आधी कळते.

पदव्युत्तर वर्गात कोर्सेराचे संगोपन शिकवले जाते. एका कार्डाचा उत्पादनखर्च काढायला मात्र क्वचितच लावले जाते. वाया जाणारा माल, वीज गेल्यास होणारी हानी, उधारी हे शब्द विद्यार्थ्याला प्रथम कर्ज घेतल्यावर भेटतात. २००२ पासून केंद्राची कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना आहे. तीत ४५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते, कर्जाला ३६ टक्के आणि महिला व अनुसूचित प्रवर्गांसाठी ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे. योजनेच्या नावात चिकित्सालय आधी येते, हे विशेष. गावात फलक लागतो तो बहुधा दुकानाचा. अनुदान देताना निरीक्षणाचे करार किती एकरांचे केले हे तपासले गेले, तर चित्र थोडे तरी पालटेल.

पहिला ग्राहक सुटा शेतकरी असण्याची गरज नाही. शेतकरी उत्पादक कंपनी आपल्या सभासदांच्या वतीने हंगामाचा करार करू शकते आणि शुल्क जिनिंगच्या वेळी वळते करून घेऊ शकते. पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांच्या सुमारास सापळे लागतात. त्याआधी, मे महिन्यातच, हा करार कागदावर आलेला असावा. जुलैमध्ये सगळेच घाईत असतात.