प्रबंध देण्याआधी संदर्भसूची पुन्हा उघडा

मराठीत पीएच.डी. करणाऱ्या सर्वांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना ही कळकळीची विनंती आहे. प्रबंधाच्या शेवटी जोडलेली संदर्भसूची आजच पुन्हा तपासा.

‘सत्यकथा, 1965’ एवढीच नोंद तिथे असेल, तर ती अपुरी आहे. ‘सत्यकथा’ मासिक होतं. पुढच्या अभ्यासकाला एका लेखासाठी वर्षभराचे अंक चाळावे लागतील, आणि त्या जुन्या कागदाची काय अवस्था असते ते कोणत्याही ग्रंथपालाला विचारा. पान उलटताना कडेचे तुकडे हातात येतात. आपण महिना आणि पृष्ठांक लिहिला नाही, तर तो अंक विनाकारण झिजतो. म्हणून लेखक, लेखाचं शीर्षक, नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक, महिना, पृष्ठं असं सगळं लिहा. जोडअंक असेल तर तसं नोंदवा. ‘मनोरंजन’ने 1909 साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे, मग नुसतं ‘दिवाळी अंक’ लिहून वाचकाने कोणता समजायचा? अंकावर शक छापला असेल तर तो तसाच लिहा आणि शेजारी इसवी सन द्या. मात्र सरसकट 78 मिळवू नका. शके 1832च्या माघातला अंक 1911 मधला असतो, 1910 मधला नव्हे. वृत्तपत्राची आवृत्तीही हवी, कारण पुण्याच्या आवृत्तीत आलेला मजकूर नागपूरच्या आवृत्तीत असेलच असं नाही.

ऑनलाइन संदर्भांना तर आज-उद्याची सवलतसुद्धा नाही. याहूने 2009 मध्ये जिओसिटीज बंद केली आणि लोकांनी हौसेने उभारलेली असंख्य पानं एकाच वेळी गेली. वृत्तपत्रांची संकेतस्थळं नव्याने बांधली जातात, तेव्हा जुन्या लिंक मरतात. बातमीचा मथळा प्रसिद्ध झाल्यावरही बदलतो. तेव्हा मुखपृष्ठाचा पत्ता देऊ नका, त्या लेखाचाच द्या. लेखकाचं नाव, प्रसिद्धीची तारीख आणि आपण पाहिल्याची तारीख द्या. डीओआय क्रमांक असेल तर तो आधी लिहा, कारण संकेतस्थळ हललं तरी प्रकाशकाने नोंद अद्ययावत ठेवली की त्यावरून लेख सापडतो. प्रत्येक लिंक इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून तो पत्ताही सूचीत घाला. काही पानं तिथे जतन होत नाहीत, म्हणून पीडीएफ स्वतःजवळ ठेवा. हे काम लेख वाचला त्याच दिवशी करा.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत गंभीर वाटतं. चॅटबॉट कधीच न लिहिलेल्या लेखांचे संदर्भ खऱ्या नियतकालिकांच्या नावांवर, वर्ष-अंकासह रचून देतात. स्वतः न पाहिलेला एकही लेख सूचीत घेऊ नका. दुसऱ्याच्या ग्रंथातून उचलला असेल तर त्या ग्रंथाचं नाव द्या.

मार्गदर्शकांनो, सही करण्यापूर्वी सूचीतले कोणतेही दहा संदर्भ निवडा आणि विद्यार्थ्याला ते समोर उघडून दाखवायला सांगा. एक जरी सापडला नाही, तरी प्रबंध परत द्या.