नसलेल्या कलमावर भांडण, असलेले कलम कोणी वाचेना



गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आता बाजारभाव आणि पावसाच्या अंदाजाखाली कोणीतरी राज्यघटनाही आणून टाकतो. त्यातला एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे: कलम ३० प्रमाणे मदरशात कुराण शिकवता येते आणि कलम '३० ए' प्रमाणे शाळेत गीता शिकवायला बंदी आहे. त्यावर सख्खे शेजारी बोलेनासे होतात. आमचे म्हणणे एवढेच, की भांडणाआधी पुस्तक उघडावे. भारताच्या घटनेत '३० ए' नावाचे कलमच नाही. कधी नव्हतेही.

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही, असे कलम २८ सांगते, आणि ते सगळ्याच धर्मांना लागू आहे. कलम ३० मध्ये धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क आहे. म्हणजे कर्नाटकात मराठी शाळा काढणाऱ्या मराठी माणसालाही हेच कलम उपयोगी पडते. ज्याला शिव्या घालतो त्याच कलमाच्या आडोशाला आपले भाऊबंद उभे आहेत, हे पुढे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते.

सरनाम्याचेही तसेच. 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द नसलेला फोटो आला की एक जण म्हणतो शब्द पुसले, दुसरा म्हणतो हे शब्द घटनेत नाहीतच. दोघेही चूक. २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेल्या सरनाम्यात ते नव्हते. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले आणि आजही आहेत. पाच मिनिटांचे काम, पण भांडण वर्षभर पुरते.

हे सारे चालू असताना ज्या कलमांशी आपल्या जमिनीचा आणि कापसाचा संबंध आहे, त्यांच्यावर एक ओळ कोणी लिहीत नाही. याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

सातवे परिशिष्ट घ्या (पुस्तकात त्याला 'अनुसूची' म्हटले आहे). शेती हा राज्याचा विषय, हे राज्यसूचीत १४ व्या नोंदीत आहे. पण समवर्ती सूचीची ३३ वी नोंद पाहा. अन्नधान्य, खाद्यतेलबिया, जनावरांचा चारा यांच्या जोडीला तिथे कापूस नावानिशी आहे, सरकी काढलेला असो की न काढलेला, आणि सरकीही. या मालाच्या व्यापारावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीने ही नोंद आजच्या रूपात आली. २०२० साली तीन शेती कायदे आले तेव्हा मोबाइलवर रणकंदन माजले. 'शेती राज्याची, केंद्राला अधिकारच नाही' असे एक टोक, 'केंद्र वाटेल ते करू शकते' असे दुसरे. खरा वाद बाजार समित्यांचा विषय राज्याचा की मालाचा व्यापार केंद्राचाही, असा होता, आणि तो १४, २८ व ३३ या नोंदी समोर ठेवल्याशिवाय कळतच नाही. न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती दिली, त्याच वर्षी सरकारने ते मागे घेतले आणि प्रश्न तसाच राहिला. उद्या पुन्हा येईल.

आता नववे परिशिष्ट. ते मूळ घटनेत नव्हते; मूळ घटनेत परिशिष्टे आठच. १९५१ साली, पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्याआधीच, पहिल्या दुरुस्तीने कलम ३१ बी आणि हे परिशिष्ट आले. यात घातलेला कायदा मूलभूत हक्काविरुद्ध आहे म्हणून रद्द करता येणार नाही, अशी तजवीज होती. सुरुवातीला १३ कायदे होते, पुढे नोंदी २८४ पर्यंत गेल्या. बहुतेक शेतजमिनीचे. महाराष्ट्राचा १९६१ चा सीलिंग कायदा त्यात आहे. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा १९७६ मध्ये आत गेला. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०१५ च्या ज्या आदेशाने ठरू लागली, तो आदेशही याच कायद्याखालचा. हे कायदे चांगले की वाईट यावर आपल्यात दोन मते असतील, असू द्यावीत. पण नवव्या परिशिष्टाविरुद्ध कोर्टात जाताच येत नाही, हे जे सांगितले जाते ते खरे नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीवर तपासता येतात, असा नऊ न्यायाधीशांचा निकाल २००७ साली झाला आहे.

'जमीन हा माझा मूलभूत हक्क' असेही आपली पोरे लिहितात. तो हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला. आज उरले आहे ते कलम ३०० ए: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही. भूसंपादनाची नोटीस आली की वकिलाला पहिला प्रश्न याच कलमावर विचारावा.

पुस्तक जाड आहे, भाषा वकिली आहे, हे खरे. पण सातबाऱ्याची भाषा तरी कुठे सोपी होती? एका गुंठ्याचा फेर चुकला तर आपला शेतकरी तलाठ्यासमोर बोट ठेवून दाखवतो. घटनेची मराठी प्रत मिळते. प्रत्येक तालुक्याने एक घ्यावी, बैठकीच्या ठिकाणी ठेवावी, आणि ज्वारीची कापणी आटोपली की एका संध्याकाळी १९, २८, ३०, ३१ बी, ३०० ए आणि सातवे-नववे परिशिष्ट एवढेच मोठ्याने वाचावे. कोणाकडे '३० ए' चा मजकूर आला असेल तर त्याने मोबाइल सोबत आणावा.