निवड यादीत जन्मतारीख दिसत नाही

अमेरिकेतल्या स्की क्लबांत मुलांच्या शर्यती जन्मवर्षावरून पाडलेल्या गटांत होतात. बारा वर्षांखालच्या गटात दहा आणि अकरा वर्षांची मुलं एकत्र असतात, आणि वय धरलं जातं ३१ डिसेंबरचं. म्हणजे एका वर्षाच्या जानेवारीत जन्मलेली मुलगी आणि पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात जन्मलेली मुलगी एकाच गटात येतात. दोघींत जवळजवळ दोन वर्षांचं अंतर, पण वेळ लागते एकाच यादीत, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेली. त्या यादीवरून कुणाला पहिल्या संघात घ्यायचं, कुणाला मोठ्या शर्यतींना पाठवायचं हे ठरायला लागलं की घरोघरी घालमेल सुरू होते. डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी किंवा बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांनाही ती चुकत नाही, कारण स्पर्धेच्या यादीत मुलाचा नंबर शोधायची सवय आपण इथूनच घेऊन गेलेलो आहोत. माझं म्हणणं स्पष्ट आहे. चौदाच्या आतल्या मुलांची निवड घड्याळावरून केली, तर निवडली जाते ती बहुतांशी जन्मतारीख आणि शरीराची वाढ. पालकांनी त्या यादीला आपल्या मुलाच्या कुवतीचा दाखला मानू नये.

असं का होतं, हे उतारावरच दिसतं. जायंट स्लॅलमच्या, म्हणजे गेटच्या खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीच्या, मार्गाचा शेवटचा टप्पा पुष्कळदा सपाटीचा असतो. तिथं वळणांचं कसब फारसं उरत नाही, वर कमावलेला वेग टिकवायचा असतो. अशा जागी पंचावन्न किलोचं मूल पस्तीस किलोच्या मुलाला सहज मागं टाकतं. वजनाबरोबर खाली ओढणारा जोर वाढतो, पण हवेचा अडथळा त्या प्रमाणात वाढत नाही. वरच्या तीव्र उताराच्या भागात लहान चणीच्या मुलानं प्रत्येक वळण स्कीच्या कडेवर नेटकं कोरलेलं असतं, मोठ्यानं तीन वळणांत घसरत बर्फ उडवलेला असतो, तरी खाली आल्यावर फलकावर मोठ्याचं नाव वर लागतं. मुलींची उंची सरासरीनं बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या सुमारास, आणि हे नुसते सरासरीचे आकडे; कुणी दोन वर्षं आधी वाढतं, कुणी दोन वर्षं उशिरा. त्यात साहित्याची भर. आदल्या रात्री गॅरेजमध्ये बसून ज्या वडिलांनी स्कीच्या कडा घासून धारदार केल्या, थंडीचा अंदाज घेऊन योग्य मेण चढवलं, त्यांच्या मुलाला तेवढ्यानंच सेकंदाचे काही दशांश मिळतात. त्या दशांशांत पाच-सहा मुलं मागं पडतात. घड्याळ खरं बोलतं, फक्त आपण त्याला विचारलेला प्रश्न ते मोजत नसतं.

ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या संशोधकांनी मुलांच्या स्की शर्यतींचा या दृष्टीनं अभ्यास केला आहे. निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा जास्त आणि शेवटच्या तिमाहीतली मुलं कमी, हे त्यांना पुन्हा पुन्हा आढळलं. नामवंत स्कीपटूंत पाहिलं, तर अमेरिकेच्या मायकेला शिफ्रिनचा जन्म १३ मार्चचा, ऑस्ट्रियाच्या मार्सेल हिर्शरचा २ मार्चचा. याला कुणी उत्तर देईल की लिंडसे व्हॉन आणि बोडी मिलर दोघंही ऑक्टोबरचे, टेड लिगेटी ३१ ऑगस्टचा, आणि तिघंही ऑलिंपिक विजेते. मग खरी गुणवत्ता जन्म कधीचाही असला तरी वर येतेच की. हा युक्तिवाद मला मान्य नाही. ही तिघं दिसतात, कारण ती टिकली. त्याच महिन्यांत जन्मलेली आणि अकराव्या वर्षी ‘दुसऱ्या संघात’ टाकल्यावर स्की सोडून दिलेली मुलं कुठल्याही यादीत सापडत नाहीत. आपल्याकडे क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. ते वयचोरी पकडण्यासाठी. पण एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांची हाडं एका वेगानं वाढत नाहीत, हेही तोच एक्स-रे सांगतो.

नॉर्वेनं या प्रश्नाचं उत्तर नियमात बसवलं आहे. तिथल्या क्रीडा महासंघाच्या मुलांविषयीच्या तरतुदी १९८७ पासून आहेत, आणि २००७ मध्ये त्यांना मुलांच्या हक्कांचं रूप मिळालं. ज्या वर्षी मूल अकरा वर्षांचं होतं त्याआधी निकालाच्या याद्या आणि क्रमवारी लावायची नाही; तेरा वर्षांचं होतं त्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही; आणि मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना. सुमारे ५४ लाख लोकसंख्येच्या या देशानं २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णांसह ३७ पदकं जिंकली. आक्षेप असा येतो की त्यातली बरीच क्रॉस-कंट्री आणि बायथलॉनची, जिथं अंगात दम लागतो, उतारावरच्या स्कीसारखं कोवळ्या वयातलं तंत्र लागत नाही. पदकांची गोष्ट खरी आहे. पण आक्सेल लुंड स्विंडाल, केटिल यान्सरूड, हेन्रिक क्रिस्टोफरसन हे उतारावरचेच, आणि तेही याच व्यवस्थेतले. नॉर्वेत बर्फ आणि पैसा मुबलक आहे, हेही खरंच. एवढ्या पुराव्यावरून नियमामुळेच पदकं आली असं मी म्हणणार नाही. क्रमवारी उशिरा लावल्यानं पदकं हुकतात ही भीती मात्र खोटी ठरली, हे ठामपणे म्हणता येतं.

तंत्र लहानपणीच यावं लागतं, हा मुद्दा तर मला पूर्ण पटतो, आणि तोच निवडीच्या विरोधात जातो. तंत्र सरावानं येतं. शर्यतीचा दिवस पाहा: पहाटे उठून दोन-तीन तास गाडी हाकायची, थंडीत रांगेत कुडकुडायचं, आणि प्रत्यक्ष गेटमधून उतरायचं ते दोनदा, प्रत्येक वेळी मिनिटभर. सरावाच्या दिवशी तेच मूल आठ-दहा वेळा उतरतं आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षकाचं बोलणं ऐकतं. शिफ्रिनच्या आईवडिलांनी आणि व्हरमाँटच्या बर्क माउंटन अकॅडमीतल्या प्रशिक्षकांनी शर्यतींमागं धावण्यापेक्षा सरावाच्या फेऱ्यांवर भर दिला, हे सर्वज्ञात आहे. अठराव्या वर्षी सोची ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं सुवर्ण आणि २०२५ च्या फेब्रुवारीत विश्वचषकातला शंभरावा विजय, ही तिची पुढची वाटचाल. पहिल्या संघातल्या मुलांना जास्त सराव आणि जाणता प्रशिक्षक, दुसऱ्यातल्यांना उरलेला वेळ, अशी वाटणी झाली की यादी स्वतःलाच खरं ठरवते.

क्लबांची अडचण मी नाकारत नाही. प्रशिक्षक मोजके, गेट लावायला मिळणारा उतार अरुंद, आणि पन्नास मुलं एकदम शिकवता येत नाहीत. गट पाडावेच लागतील. ते तंत्रावरून पाडा, मोसमाच्या मध्यात पुन्हा तपासा, दरवर्षी दार उघडं ठेवा आणि निकष लेखी द्या. हरायला शिकलं पाहिजे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: शर्यतीत हरणं मुलाला झेपतं, पुढच्या शर्यतीत ते भरूनही निघतं. मोठ्यांनी वर्षभरासाठी कमी ठरवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि चौदाच्या आत ती कुणी करू नये.

बहुतेक क्लबांत मोसम सुरू होण्याआधी पालकांची सभा होते. त्या सभेत फी आणि प्रवासाच्या तारखांबरोबर एवढंही विचारा: दुसऱ्या गटाला आठवड्याला सरावाच्या किती फेऱ्या मिळतील, त्यांना कोण शिकवणार, आणि गट बदलायची पुढची तारीख कोणती? उत्तर लेखी मागा.