घरच्या शाळेला घंटा कशाला?

धामणगाव रेल्वेत कुणी लेकरांना घरीच शिकवायचं मनावर घेतलं, की पहिला सवाल कायद्याचा येत नाही, गणिताचा येतो. मराठी घरात बोललीच जाते, परिसर अभ्यास दाराबाहेर पाऊल टाकलं की सुरू होतो, गोष्टी सांगायला आजी आहे. पण "अन् गनिताचं काय करसान?" असं कुणी विचारलं की आईबाप गप्प. त्यात लेकरं तीन. वयं पाच, सात आणि नऊ. म्हणजे एक अजून मोजायला शिकतंय, दुसरं हातच्यात अडकलंय, तिसऱ्यापुढे भागाकार उभा आहे. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतो, भिंतीवर तासिकांचं वेळापत्रक लावा. कुणी म्हणतो, परदेशी संच मागवा. कुणी म्हणतो, काहीच शिकवू नका, पोट्टे आपोआप शिकतात. माझं भांडण या तिघांशीही आहे, कारण घरात लेकरं एक नाही, तीन आहेत, हे तिघांपैकी कुणीच हिशोबात धरलेलं नसतं.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० पालकांवर ६ ते १४ वयाच्या पाल्याला शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं; ते न पाळणाऱ्या पालकाला मात्र त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी-आठवीच्या परीक्षा घेतं, आणि अटी पूर्ण होत असतील तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. वकिलाचं काम इथे संपतं आणि आईचं सुरू होतं.

वेळापत्रकवाल्यांचं म्हणणं ऐकायला बिनतोड आहे. घर असलं म्हणून काय झालं, शिस्त नको? दहा ते पावणेअकरा थोरलीचं गणित, मग मधल्याचं, मग धाकट्याचं. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, इयत्ता वेगळी, तास वेगळा. पण शाळेत तासिका असते ती कशासाठी? गुरुजींना पुढच्या वर्गावर जायचं असतं आणि तीस-पस्तीस पोरांना एकदम एका विषयावरून दुसऱ्या विषयावर न्यायचं असतं, म्हणून. ३५ मिनिटांच्या तासाला ३० मुलं असतील तर एकेकाच्या वाट्याला गुरुजी जेमतेम मिनिटभर येतात. घरी लेकरासमोर मांडी घालून वीस मिनिटं बसलात, तर त्याला शाळेच्या जवळजवळ तीन आठवड्यांचा वाटा मिळाला. मग पाऊण-पाऊण तासाचे रकाने आखून, मधल्याचा तास संपेपर्यंत धाकट्याला "हात लावू नको, तुझी वेळ नाही" म्हणून दटावण्यात काय हशील?

हा प्रयोग आपण सगळ्यांनी एकदा सक्तीनं करून पाहिलेलाही आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारं १ डिसेंबर २०२१ ला उघडली. मधल्या काळात "शाळा बंद, पण शिक्षण आहे" म्हणत व्हॉट्सअॅपवर अभ्यास येत राहिला, आणि वऱ्हाडातल्या घराघरात एका मोबाईलवर तीन इयत्तांची रांग लागली. बाप शेतात गेला की मोबाईलही शेतात. त्याच काळात, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेला ठरलेली वेळ. टीव्ही एकच असल्यानं पहिलीतलं लेकरू तिसरीचा भागही बघायचं आणि तिसरीतली पोर पहिलीचा. कार्यक्रम करणाऱ्यांनी इयत्तांच्या भिंती नीट उभारल्या होत्या. घरानं त्या पाडल्या. मोबाईलची रांग तीनही लेकरांना ताटकळत ठेवत होती, टीव्हीपुढे तिघं एकत्र बसत होती. घरच्या वेळापत्रकाचा विचार करणाऱ्यानं यातलं दुसरं चित्र उचलायला हवं.

आणि वेळापत्रक म्हणजे केवळ घड्याळ नव्हे, हंगामही आहे. उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा उघडतात. विदर्भात जूनच्या अखेरीस, कारण ऊन. आपल्याकडचा सूर्य सरकारलाही मान्य आहे, पण भिंतीवरच्या तक्त्याला नाही! दसऱ्यापासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत कापसाची वेचणी; त्या दिवसांत आई सकाळी रानात गेलेली असते. त्या चार महिन्यांत रोज दोन तास गणित होणार नाही, हे आधीच धरून चालावं. श्रावणात, बाहेर चिखल असताना, ती कसर भरून निघते. 'रोज दहा वाजता' हे वाक्य वऱ्हाडातल्या शेतकरी घरात वर्षभर टिकत नाही. 'सकाळचा चहा झाला की' किंवा 'दिवेलागणीला' हे टिकतं.

"पण एका बाईनं तीन इयत्ता एकाच वेळी शिकवायच्या म्हणजे अशक्यच," असं म्हणणाऱ्यांनी जवळच्या खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत डोकावून यावं. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हा कायद्याचाच निकष आहे. म्हणजे चार इयत्ता आणि दोन गुरुजी, असं दृश्य महाराष्ट्रात हजारो गावांत रोज दिसतं. त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीनं अशाच खेड्यातल्या शाळांसाठी कार्डांची शिडी तयार केली: लेकरू ज्या पायरीवर आहे तिथलं कार्ड उचलतं, इयत्ता कोणती हे कुणी विचारत नाही. मिश्र वयोगट ही अडचणच मानायला हवी असंही नाही. माँटेसोरीच्या बालमंदिरात तीन ते सहा वर्षांची मुलं मुद्दाम एकत्र ठेवतात, आणि ती पद्धत मराठीत रुजवणाऱ्या, गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक त्याआधी काही वर्षं आपल्या अमरावतीतच राहत होत्या.

आता संचवाले. त्यांची बाजू कमकुवत नाही. सिंगापूरची पुस्तकं खरंच उत्तम आहेत: आधी वस्तू, मग चित्र, मग अंक, हा क्रम ती नेटानं पाळतात. अमेरिकन जॉन सॅक्सनची पुस्तकं जुना घटक पुन्हा पुन्हा समोर आणतात आणि सरावाला कमी पडू देत नाहीत. पण पाच वर्षांच्या लेकरानं डाइम आणि निकेल ओळखायला शिकावं, लांबी इंचात आणि तापमान फॅरनहाइटमध्ये वाचावं, हे धामणगावच्या बाजारात कशाला उपयोगी पडणार? शिवाय तीन लेकरांना तीन पातळ्यांचे तीन संच. जपानी कुमोनचा इतिहास इथे आठवण्याजोगा आहे. १९५४ मध्ये ओसाकातल्या तोरू कुमोन या गणितशिक्षकानं दुसरीतल्या आपल्या मुलासाठी सुट्या कागदांवर हातानं गणितं लिहून दिली. रोज अर्धा तास, इयत्ता न बघता, येतंय तिथून पुढे. जगभर फी घेऊन चालणारी ती पद्धत मुळात एका बापानं घरात लिहिलेली पानं होती. हे कळल्यावरही संचच विकत घ्यावासा वाटला तर खुशाल घ्यावा.

वैदिक गणिताच्या आणि अबॅकसच्या शिकवण्यांबद्दल एवढंच: भारती कृष्ण तीर्थांचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९६५ मध्ये आलं, त्यातली सूत्रं वेदांत सापडत नाहीत, आणि दोन्हींमधून मिळतो तो मुख्यतः वेग. सात वर्षांच्या लेकराला घाई नसते. ती शिकवणीला पाठवणाऱ्याला असते.

संचांशी माझा खरा वाद मात्र पैशांचा नाही. मराठी लेकराच्या गणितात एक अडथळा असा आहे, जो त्या खोक्यांना माहीतच नाही. 'सत्तावीस' ऐकलेलं लेकरू आधी ७ लिहितं, मग २, आणि कागदावर होतात बहात्तर. आपण एकक आधी बोलतो, दशक नंतर. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावं येणाऱ्या दशकावरून पडलेली. शंभरापर्यंतची बहुतेक नावं सुटी सुटी पाठ करावी लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकानं 'वीस सात' अशी वाचनाची जोड सुचवली तेव्हा राज्यभर गदारोळ उठला, विधानसभेत त्यावर विनोद झाले, आणि समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना भाषा बुडवल्याचे बोल ऐकून घ्यावे लागले. 'सत्तावीस' पुस्तकातून काढलेलं नव्हतं; दोन्ही रूपं होती. इतकं कुणी पाहिलं नाही. शाळेच्या वर्गात चार महिने दोन्ही रूपं चालवणं कदाचित जड जाईल, पण घरात ते अगदी सोपं आहे. धाकटा काड्या मोजत "वीस सात" म्हणतो, शेजारी बसलेला मधला "सत्तावीस" म्हणतो, आणि दोन्ही एकच आहे हे धाकट्याला कुणी वेगळं समजावत नाही. तीन लेकरांचं घर इथे शाळेपेक्षा पुढे आहे, आणि कोणत्याही संचाच्या कितीतरी पुढे.

राहिले 'आपोआप'वाले. त्यांच्या हातात अमेरिकेतल्या बेनेझेटचं नाव असतं. न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहराचा हा शिक्षणाधिकारी. १९२९ पासून त्यानं काही वर्गांत सहावीपर्यंत औपचारिक अंकगणित बंद ठेवलं, आणि नंतर ती मुलं वर्षभरात इतरांच्या बरोबरीला आली असं लिहिलं. खरं आहे. पण त्याच्या वर्गांत गणित बंद नव्हतं, उदाहरणांची पानं बंद होती. मुलं अंदाज बांधत, मोजत, घड्याळ वाचत, पैशांचे व्यवहार करत, आणि या सगळ्याबद्दल शिक्षकाशी रोज बोलत. ते रोजचं बोलणं गाळून फक्त 'बंद' एवढंच उचललं, की लेकरू दहाव्या वर्षी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरशिवाय उधारी लिहू शकत नाही.

मग करायचं काय? मी म्हणेन, पुस्तक बालभारतीचंच धरा. संकेतस्थळावर फुकट मिळतं, रुपये आणि किलो त्यात आहेत, आणि उद्या लेकरू शाळेत परत गेलं तर धागा तुटत नाही. त्यात सराव कमी पडतो. तो कुमोनसारखा हातानं लिहून भरून काढावा. लेकराची इयत्ता विसरावी आणि पातळी तपासावी. ती तपासायला 'असर'चं साधन पुरतं, जे घेऊन 'प्रथम'चे स्वयंसेवक २००५ पासून खेड्यातली घरं पालथी घालतात: १ ते ९ ओळखतं का, ११ ते ९९ ओळखतं का, हातच्याची दोन अंकी वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येतं का. पाच-दहा मिनिटांचं काम. नऊ वर्षांची थोरली वजाबाकीत अडखळली तर सात वर्षांच्या भावाबरोबर तिथूनच सुरुवात करावी. यात लाज शाळेत असते, घरात नसते.

रोजच्या कामाचे दोनच भाग. अर्धा तास तिघांचा मिळून, एकाच गणितावर. वेचणीला बाईनं ३७ किलो कापूस वेचला, किलोला ८ रुपये धरा. धाकटा पऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधतो: तीन जुड्या, सात सुट्या. मधला तीन दिवसांची वेचणी जोडतो, ३७, २८ आणि ४१, आणि १०६ पाशी त्याला पहिल्यांदा दहा जुड्यांचा गठ्ठा करावासा वाटतो. थोरली मजुरी काढते, २९६, आणि पाचशेच्या नोटेतून परत किती हे सांगते. मग प्रत्येकाबरोबर वीस मिनिटं एकेकट्यानं, धाकट्यापासून सुरुवात, कारण थांबणं त्यालाच जमत नाही. तोवर बाकीचे दोघं आपापली लिहून दिलेली पानं सोडवतात. सगळं मिळून दीड तास. पाढे यात धरलेले नाहीत. ते संध्याकाळी बापानं घ्यावेत. घरच्या शाळेच्या गप्पांत बाप बहुधा फक्त संच मागवण्यापुरताच असतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो. जमलंच तर पावकी-निमकीही घ्यावी: अपूर्णांकांचं भय घालवायला आपल्या पंतोजींकडे यापेक्षा बरा उपाय नव्हता, आणि मला तरी अजून दिसलेला नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध. थोरल्यानं धाकट्याला शिकवणं ही आपली जुनी रीत. मद्रासेत अँड्र्यू बेलनं ती अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिली आणि इंग्लंडला नेली. पण थोरली मुलगी असली की वऱ्हाडात ती आपसूक लहानग्यांची आई होते, आणि घरच्या शाळेत बिनपगारी मास्तरीणही. समाईक अर्ध्या तासात तिनं भावाला काड्या मोजायला लावणं चांगलं. तिची स्वतःची वीस मिनिटं त्यात गेली, तर घरच्या शाळेनं तिला शाळेपेक्षा कमी दिलं.

आणि हे सगळं पाचवीपर्यंतचं आहे. ऋण संख्या, समीकरणं आणि भूमितीची सिद्धता आईला येत नसेल तर ओढाताण करू नये. दहावीला बीजगणित आणि भूमितीच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात, आणि १७ नंबरवाल्यांना त्यातून सूट नाही. धामणगावात हायस्कुलं आहेत, म्हणजे निवृत्त गणितशिक्षकही आहेत. थोरली सहावीच्या पुस्तकाला लागली की आठवड्यातून दोन संध्याकाळी तिला तिकडे पाठवावं, आणि मधल्यालाही सोबत बसू द्यावं.