जुना ट्रॅक्टर आणि घासाघीस

तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत आधी घोड्याचे दात पाहून वय ठरते, मग भाव. जुन्या ट्रॅक्टरला दात नाहीत, आणि तासांचे मीटर बहुधा बंद! म्हणून गिऱ्हाईक टायरला लाथ मारते, निम्मी किंमत सांगते आणि चहा पिऊन 'घरी विचारतो' म्हणत जाते. दोन हजारांसाठी दुपार घालवणारे आरसी बुक मात्र उघडत नाहीत. त्यावर बँकेचा बोजा असला तर? भावाआधी तेच पाहावे. कर्ज फिटले असल्यास बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ मागावा. विकणाऱ्यानेही पैसे मोजून निर्धास्त होऊ नये. फॉर्म २९ व ३० देऊन नाव बदलेपर्यंत कागदोपत्री मालक तोच. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे.