खोगीरभरती

'लेडीज सायकल' या नावात स्त्रीचे शरीर कुठे आहे? मधली दांडी खाली आली ती साडी-स्कर्टच्या सोयीसाठी. दादरहून गिरगावला सायकलने जाणारी स्त्री सीट टोचते म्हणाली, की तिला जेलचे कव्हर सुचवले जाते. ही शब्दशः खोगीरभरती! भार पेलायचा असतो बैठकीच्या दोन हाडांनी. फार मऊ सीटमध्ये ती रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. या हाडांतले अंतर स्त्रियांमध्ये सर्वसाधारणपणे अधिक, तरी प्रत्येकीचे निराळे. पन्हळी पुठ्ठ्यावर बसून उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतले अंतर मोजावे, त्याहून थोडी रुंद सीट घ्यावी. चपलेचे माप बिनदिक्कत विचारणारा बाजार इथेच का लाजतो? आणि त्याच्या लाजेची किंमत बाईने का मोजावी?