बनवरचं 'अधिक'चं चिन्ह

थोडं लांबलंय, सवडीने वाचा.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी घरी हॉट क्रॉस बन करते. वसईत बेकरीतही मिळतात, पण घरी केले की बिल्डिंगमधली पोरं जमतात आणि मला मदत होते. मदत म्हणजे अर्धे मनुके त्यांच्या पोटात! गेल्या वर्षी आठ जण होते, त्यांत ख्रिस्ती दोनच. मैदा, यीस्ट, कोमट दूध, साखर, लोणी, दालचिनी, जायफळ, मनुके, संत्र्याची किसलेली साल. आपल्या एप्रिलच्या उकाड्यात पीठ तासाभरात दुप्पट फुगतं. तेवढ्या वेळात पोरांनी फडकं उचलून वीसदा बघितलेलं असतं. मग गोळे करायचे, ते पुन्हा फुगू द्यायचे. शेवटी मैदा-पाण्याची दाट पेस्ट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरायची, कोपरा कापायचा आणि प्रत्येक बनवर दोन रेघा ओढायच्या. एक उभी, एक आडवी.

तिथे दुसरीतल्या एकाने विचारलं, "काकी, यावर अधिकचं चिन्ह कशाला?"

मी म्हणाले, "डिझाइन आहे रे."

माझी मुलगी समोरच होती. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. रात्री मिस्साहून परत येताना रिक्षात म्हणाली, "आई, डिझाइन?"

खोटं का बोलले, तर दोन दिवस आधी सोसायटीच्या ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं होतं, "मुलांना बेकिंग शिकवताय ते छानच, पण त्यात धर्म नको. साधे बन चालतील ना?" पुढे हात जोडलेला इमोजी. भाषा अगदी सभ्य. मी 'ओके' लिहून मोकळी झाले. म्हणजे रेघा ओढल्याच, फक्त त्यांचा अर्थ गिळला. हे वर्षभर खुपतंय, म्हणून आज लिहितेय.

माझी मुलगी दरवर्षी गणपतीत तळमजल्यावरच्या काकूंकडे मोदकाच्या कळ्या पाडायला जाते. काकू तिला सगळं सांगतात. एकवीसच का, उंदीर का, चंद्र का हसला. ती वर येऊन आम्हाला ऐकवते. म्हणून तिने कधी रविवारचा मिस्सा चुकवलेला नाही. काकूंनी 'ही कळी म्हणजे नुसतं डिझाइन' असं सांगितलं असतं, तर ती एक पदार्थ शिकली असती, इतकंच. आमच्यातही काही जण मला सुनावतात, "प्रसाद का खाऊ देतेस?" त्यांच्यात आणि ग्रुपवरच्या ताईंच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही वाटतं, पोरं गोष्ट ऐकली की बदलतात.

उलट बाजूही आहे. शाळांमधला नाताळ बघा. वसईच्या डिसेंबरात कापसाचा बर्फ, दाढीवाला सांता, आणि जन्म कुणाचा हे विचारलं तर वर्ग गप्प. याला कुणी आक्षेप घेत नाही, कारण त्यात काही उरलेलंच नाही.

बनबद्दल सांगायचं असतं ते तीन वाक्यांत संपतं. येशूला शुक्रवारी क्रुसावर मारलं, त्याची ही खूण. त्याचं शरीर सुगंधी द्रव्यांसह कापडात गुंडाळून कबरेत ठेवलं, त्याची आठवण म्हणून पिठात मसाले. आणि आम्ही असं मानतो की तिसऱ्या दिवशी तो उठला. योहानाच्या शुभवर्तमानात ती द्रव्यं गंधरस आणि अगरू आहेत, माझ्या ओट्यावर दालचिनी आणि जायफळ. 'आम्ही असं मानतो' एवढे शब्द नीट उच्चारले की झालं. तू मान, असं कोण म्हणतंय?

गंमत म्हणजे हा बन इंग्रजांचा. माझ्या आजीला तो माहीतही नव्हता, तिचा गुड फ्रायडे म्हणजे कडक उपास. आणि या बनवरची कटकटही जुनीच आहे. १५९२ साली लंडनमध्ये असे मसाल्याचे बन विकायला बंदी घातली होती. सूट फक्त अंत्यविधी, गुड फ्रायडे आणि नाताळला.

ताईंचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. आपलं मूल काय ऐकणार आहे हे आईबापांना आधी कळायला हवं. मी कधी कळवलंच नव्हतं, पोरं आपली चपला काढून आत यायची. ती माझी चूक.

म्हणून या वेळी ग्रुपवर टाकलंय, "गुरुवारी दुपारी ३ वाजता. ६ ला मला मिस्साला निघायचंय. बनवर क्रूस असेल आणि तो का असतो हेही मी सांगणार आहे. ज्यांना चालेल त्यांनीच पाठवा. बनमध्ये अंडं नाही."

काल रात्रीपर्यंत पाच नावं आली. अधिकच्या चिन्हवाला त्यांत आहे. ताईंनी मुलाचं नाव दिलेलं नाही, पण खाली विचारलंय, यीस्ट कुठून आणता.